पंधरा मिनिटे फोन उचलू नका

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. जुना म्हणालो, बिघडलेला नव्हे. तुमच्या घरी आज इंटरनेट गुपचूप येते. एकोणीसशे नव्व्याण्णव साली ते टेलिफोनच्या तारेतून यायचे, आणि कॉम्प्युटरची टेलिफोनशी गाठ मी घालून द्यायचो. त्या वेळी मी असा काही किंचाळायचो की ओट्यावरची मांजर पळून जाई. मला त्या आवाजाचा अभिमान आहे.

नगरजवळच्या नागापूरला महेंद्र एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग काढायचा. तिथल्या ऑफिसात नवा मोडेम आला, तेव्हा त्याने मला घरी आणले. घर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्या. टेलिफोन खाली, घरमालकीण रंगुबाईंकडे. त्यांनी वर वायर न्यायला परवानगी दिली, पण भिंतीला भोक पाडायचे नाही, या अटीवर. मग महेंद्रने वायर खिडकीतून ओढून घेतली.

हे सगळे त्याच्या बहिणीसाठी, जयमालासाठी चालले होते. देवळाली प्रवरेला त्यांच्या वडिलांचे शेत खारवले होते, उसाला दिलेले पाणी साचून वर मिठाचा पांढरा थर आला होता. जयमालाने तिथल्या मातीवर अभ्यास केला होता. बंगळूरच्या एका संस्थेत तिला संशोधनाला जायचे होते. अर्ज शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत ई-मेलने पोचायला हवा होता. पोस्टाने पोचण्याइतके दिवस उरले नव्हते.

मंगळवारपासून मी रोज लाइन जोडत होतो आणि रोज ती अर्ध्यावर तुटत होती.

"भंगार आणलंय मी," महेंद्र म्हणाला आणि त्याने मला चक्क टपली मारली. फार लागले मला ते! कारण खरे काय ते मला ठाऊक होते. खाली रंगुबाई रिसीव्हर उचलत होत्या. एकाच तारेवर आम्ही दोघे, त्यांनी उचलला की मी तुटायचो. मला त्यांचा श्वाससुद्धा ऐकू यायचा. पण मला किंचाळता येते, बोलता येत नाही.

शनिवारी साडेपाचला रंगुबाई स्वतःच जिना चढून आल्या. "काय केलंय गं माझ्या फोनला? उचलला की आत कायतरी वराडतंय. लई भ्या वाटतं."

महेंद्रने जयमालाला डोळ्यांनी खुणावले, गप्प बस. बाई वायर काढायला लावतील, ही त्याची भीती. पण जयमालाने सरळ सांगून टाकले, "मावशी, तुम्ही फोन उचलता म्हणून माझा अर्ज जात नाही. पण तुम्ही सारखा का उचलता?"

"चालू हाय का बघते. कोपरगावला आमच्या ज्ञानेश्वरीचे दिवस भरलेत. जावयाचा फोन आला अन् बंद असला तर?"

जयमालाचे डोळे भरून आले. "मला पंधरा मिनिटं द्या. तेवढा वेळ तुमचा फोन लागणार नाही मात्र."

रंगुबाई खाली गेल्या. महेंद्रने नंबर लावला. मी उभ्या आयुष्यात किंचाळलो नव्हतो असा किंचाळलो. एक पान गेले, दुसरे गेले. तार शांत होती. सहाला चार मिनिटे कमी असताना अर्ज पोचला, आणि त्याच क्षणी जयमाला जिन्यावरून धावत सुटली. तिच्यामागे महेंद्र, आणि त्याने जे सांगितले तेच मी तुम्हाला सांगतो. रंगुबाई स्टुलावर बसल्या होत्या. रिसीव्हरवर दोन्ही तळहात घट्ट दाबलेले.

"झालं, मावशी!"

त्यांनी हात न काढताच विचारले, "मग उचलू का आता?"

ज्ञानेश्वरीला मुलगी झाल्याचा फोन सोमवारी आला. जयमालाची निवड झाली. आज मी तिच्या बंगळूरच्या कपाटात आहे, तीच वायर अंगाभोवती गुंडाळून. महेंद्र येतो तेव्हा मला पुसतो. टपलीची आठवण त्यालाही आहे.

मित्रांनो, एखादी वस्तू चालेनाशी झाली तर तिला खुशाल तपासा. पण भंगार म्हणण्याआधी एकदा जिना उतरून खाली जा आणि तिथल्या माणसाशी बोला.