खांबाजवळची लादी

खालून.

काचेचं दार आपोआप उघडलं, तरी मिस्त्री बाहेरच थबकला.

"बाबा, चला की. मिटेल ते."

"मिटू दे. फरशी बघू दे आधी."

चाळीस मजल्यांची इमारत, आणि ह्या गृहस्थाची नजर जमिनीवर! पण त्यालाही कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी हा संगमरवर त्यानं आणि धाकट्या भावानं बसवला होता. एकाच दगडातून कापलेल्या लाद्या. त्यातली काळी रेघ दारापासून लिफ्टपर्यंत नदीसारखी वाहायला हवी.

"वाहतेय की नाही? कुठं दिसतेय खोट?"

"इथून नाही दिसत," लेक म्हणाली. "वरच्या गॅलरीतून बघायचं ठरलंय आपलं. तुमचं चुकलं असेल तर काकांना माझ्या लग्नाचं आमंत्रण तुम्हीच द्यायचं. स्वतःच्या तोंडानं."

"चुकलं असेल तर ना?"

मधे.

(सरकत्या जिन्यावर आहेत तोवर सांगून घेतो.)

खांबाजवळची लादी भावानं बसवली, तेव्हा दारातून बघताना रेघ मोडल्यासारखी वाटली. मिस्त्रीनं पंधरा माणसांसमोर त्याला झाडलं, "डोळे घरी ठेवून आलास का रे?" भाऊ एवढंच म्हणाला, "दादा, एकदा परांचीवर चढून बघ."

थोरल्यानं धाकट्याचं ऐकून वर चढायचं? छे. लादी उखडायला लावली, फिरवून बसवायला लावली, तीही भावाच्याच हातून. भावानं ती नीट बसवली, थापी धुतली आणि गेला तो गेलाच. दुसऱ्या गावी. आणि दादाचा फोन?

कधीच नाही.

वरून.

गॅलरीत लोक बाकांवर कॉफी पीत होते. मिस्त्री कठड्याला टेकला.

नदी दारातून आत आली होती, झोकात निघाली होती, खांबाजवळ वळण घ्यायला लागली होती, आणि

तिथंच खुंटली होती. नेमक्या एका लादीपुरती. रेघ तेव्हा मोडलेली नव्हती. ती वळत होती. मोडली होती त्यानंच, लादी फिरवायला लावून.

लेकीनं काकांचा नंबर लावला, "बाबा बोलतायत" म्हणाली आणि फोन पुढं केला.

"बोल दादा."

"ती... खांबाजवळची. तुझी बरोबर होती रे."

"माहितेय. तुझ्या पोरीनं वरून काढलेला फोटो पाठवला होता मला. चार वर्षं झाली."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून."

"लग्नाला ये."

"गुडघे गेले, दादा. आयुष्यभर उकिडवं बसून कामं केली ना. हल्ली दारापर्यंतसुद्धा धरून न्यावं लागतं. त्यात घर तिसऱ्या मजल्यावर."

'मग मीच येतो तिकडं' असं म्हणायचं होतं. तोंडून भलतंच निघालं. "हॉलला लिफ्ट आहे रे."

पलीकडे भाऊ बारीकसं हसला. "हॉलला असेल, दादा. माझ्या घराला नाही."