पाठमोरी डोकी

फोनने फोटो काढायला साफ नकार दिला, तशी केस कापणारी बाई हबकलीच. केस कापून झाले की गिऱ्हाइकाच्या डोक्याचा मागून एक फोटो काढायचा, म्हणजे पुढच्या खेपेला "मागच्यासारखेच काप" म्हटलं तरी अडायला नको, हा तिचा नऊ वर्षांचा शिरस्ता. आता फोनमध्ये तिळाएवढी जागा उरली नव्हती.

दुपारी दुकान बंद करून तिने नणंदेचं घर गाठलं. नणंद छापखान्याची कामं घरून करायची, तिच्याकडे मोठा कॉम्प्युटर होता. तिने वायर जोडली, तर फोन नुसता चार्ज व्हायला लागला. मग तिने फोनच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढून 'फाइल ट्रान्सफर' निवडलं आणि कॉम्प्युटरवर सी आणि डी ड्राइव्हच्या शेजारी फोन ऐटीत येऊन बसला.

उघडला, तर चार हजार पाठमोरी डोकी! हे पोस्टमन, ह्या मुख्याध्यापिका, हा दोन भोवऱ्यांचा दंतवैद्य. ओळखता ओळखता दोघी हसून बेजार झाल्या. मध्येच नणंद थबकली.

"वहिनी, हा दादा ना?"

दादाच होता, दर महिन्याला एकदा. टक्कल आधी बटणाएवढं, मग वाटीएवढं, मग बशीएवढं. त्याला मात्र बायकोने कधी ताकास तूर लागू दिली नव्हती. मागे केस दाट आहेत म्हणायची. नणंदेने ते शंभरेक फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये टाकले आणि उजव्या बाणाचं बटण दाबून धरलं. टक्कल भराभर उगवायला लागलं. दोघी इतक्या खिदळत होत्या, की बायकोला न्यायला आलेला दादा कधी मागे येऊन उभा राहिला ते कळलंच नाही.

त्याने विचारलं, हे डोकं कोणाचं? त्याने स्क्रीनजवळ वाकून पाहिलं.

"शर्ट तर माझा आहे."

त्याचा हात हळूच डोक्यामागे गेला. मग तो स्टूल ओढून बसला आणि चुकून डावा बाण दाबून धरला. बशीची वाटी झाली, वाटीचं बटण झालं, आणि बघता बघता डोकं काळंभोर झालं. तो आ वासून बघत राहिला, मग गदगदा हसायला लागला.

नणंदेने बाकीचे फोटो कॉम्प्युटरवर उतरवले, फोन रिकामा केला, चहासुद्धा टाकला. दादा बटण सोडायला तयार नव्हता.

"थांब," तो बायकोला म्हणाला, "अजून एकदा केस उगवू देत."