शेंदूर आणि लाल पट्टा

विहिरीच्या काळ्या भिंतीत लाल मातीचा वीतभर पट्टा होता. खालच्या अंगाला भुसभुशीत, वरची कड मात्र विटेसारखी भाजलेली. लाव्हाचा एक थर थंड झाला, त्यावर माती धरली आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून काढली.

आज हा पट्टा सिमेंटआड जाणार होता.

संगमनेरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी यशोधरा मोबाईल घट्ट धरून काठावर उभी होती. या मातीत तिला पारा सापडला होता. ज्वालामुखी तो हवेत सोडतात. तो दूर समुद्रातही जाऊन बसतो. म्हणून साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या, त्याच काळातल्या समुद्रतळाच्या गाळाशी तो ताडून पाहायला एका संशोधन जहाजावरून वर्षभराचं बोलावणं आलं होतं. उत्तर मात्र तिने दिलं नव्हतं. कारण मागाहून कळलं, लाल माती लागली तेव्हा मजुरांनी, तिने पुढे नमुने घेतले तिथेच, शेंदूर लावून नारळ फोडला होता. आणि काही शेंदरात पारा असतो! म्हणून गेल्या आठवड्यात दगड उपसायच्या यारीला लटकून ती खाली उतरली आणि शेंदूर नसलेल्या समोरच्या बाजूने, हातभर आतून नवे नमुने काढून आणले.

"गवंडी खोळंबलेत, म्याडम," विहिरीच्या मालकीण भागीरथीकाकू म्हणाल्या. "एवढ्याशा मातीचं समुद्रात काय काम?"

"काकू, तुमच्या शेततळ्यातले मासे कशाने मेले?"

"खताचं पानी उतरलं. शेवाळ लई माजलं, मग सडलं. मासे वर तोंडं काढून मेले."

"तेव्हा समुद्रातही तसंच झालं असेल. ज्वालामुखीच्या वायूंनी हवा तापली, पाऊस वाढला, खडक झिजून खतासारखे क्षार समुद्रात गेले. शेवाळ माजलं, आणि ते सडताना पाण्यातला ऑक्सिजन संपला. तापलेल्या पाण्यात तो आधीच कमी."

"आख्ख्या समुद्रातला?"

"कुठे, किती, तेच शोधायचंय."

"म्हंजी आमच्या हिरीनं समुद्रातले मासे मारले म्हना की!"

यशोधरा हसली, तेवढ्यात मोबाईल वाजला. प्रयोगशाळेतला चेतन जवळजवळ ओरडतच होता.

"मॅडम, आहे! आतल्या प्रत्येक नमुन्यात पारा आहे. वरच्या-खालच्या काळ्या दगडात जवळजवळ नाहीच. शेंदराचा काही संबंध नाही!"

"पुन्हा मोजलंस?"

"मोजलं! तेच येतंय!"

तिने भिंतीकडे पाहिलं.

"काकू, बांधकामात या पट्ट्यापुरती खिडकी ठेवाल?"

"ठिवते की. पन बघायला कवा येनार?"

"पुढच्या वर्षी," यशोधरा म्हणाली. "मी जहाजावर जातेय."