घोटा धरल्यावर माणूस कसा पडतो

पेणच्या आमच्या कारखान्यात कोणालाच पडणारा माणूस करता येईना, हे मला आधी खोटंच वाटलं. वीस-वीस वर्षं शाडू मळणारी माणसं ती. सोंडेचं वळण बोलता बोलता काढतील, पण पडणारा माणूस म्हटला की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. गणपती होऊन गेले होते आणि कारखान्यात जरा निवांतपणा होता. तेव्हा रोह्याचा सुजय आला. हा शिकून मुंबईला गेलेला, अंधेरीला एका कॉम्प्युटर कंपनीत कामाला. त्यांच्या कंपनीला अमेरिकेच्या व्हिडिओ गेमचं काम मिळालं होतं. तिकडे एक फुटबॉल खेळतात, ज्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो. एक जण चेंडू काखेत दाबून पळतो आणि बाकीचे त्याला धरून आडवा करतात. गेममध्ये तो आडवा होताना खराखुरा वाटला पाहिजे, एवढंच सुजयच्या कंपनीचं काम. त्यासाठी त्याला मातीचे चोवीस पुतळे हवे होते. पहिल्यात गडी पळतोय, चोविसाव्यात जमिनीवर, आणि मधल्या बाविसांत तो थोडा थोडा पडत जातो. चारी बाजूंनी फोटो काढून ते कॉम्प्युटरात घालायचे.

आमचे मालक हैबतराव यांनी लगेच शब्द दिला आणि काम केरूदादांकडे सोपवलं. केरूदादा म्हणजे कारखान्यातला सगळ्यात जाणता हात. तीन दिवसांत त्यांनी आठ पुतळे केले. सुजयने ते पाहिले आणि त्याला हसू आवरेना.

"केरूदादा, हा पडत नाय हो. हा जेवायला बसलाय."

खरंच तसं होतं. आठही जण पडता पडता मस्त बूड टेकून बसलेले. यात केरूदादांचा दोष नव्हता. गणपती करताना सगळं वजन खाली बैठकीत उतरवायचं, हे इथं मिसरूड फुटायच्या आधीपासून हातात भिनवतात. मूर्ती डुगडुगली तर गिऱ्हाईक उचलत नाही. पडून भंगली तर कारखान्याचं नाव जातं. केरूदादांनी जन्मभर हाताला एकच शिकवलं होतं, पडू द्यायचं नाही. आता तो हात ऐकत नव्हता.

मी रंगाच्या बाजूला बसून हे सगळं बघत होते. आमच्याकडे दोन बाजू होत्या. दाराच्या उजेडाला मातीची बाजू, तिथं पुरुष. आत पत्र्याखाली रंगाची बाजू, तिथं आम्ही बायका. पितांबर आम्ही रंगवायचा, शेला आम्ही रंगवायचा, पण मातीला हात लावायचा नाही. असं कुठं लिहिलेलं नव्हतं. मी दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा हैबतराव नुसते हसले होते. त्या हसण्याचा मला भयंकर राग होता.

"काका, मी करते," मी तिथूनच हैबतरावांना ओरडून सांगितलं.

"तू? आधी ते ब्रश धू."

"धुते. पण माणसं पाडायचं काम माझं हाय. दर रविवारी पाडते."

हे काही फुशारकी म्हणून नाही. मी पेणजवळच्या कासू गावची. आमच्या मुलींच्या कबड्डी संघात मी उजव्या कोपऱ्यात उभी राहायचे. माझं वजन तेव्हा शेहेचाळीस किलो. समोरून साठ किलोची चढाई करणारी आली की तिला मिठी मारून काही होत नाही, तिच्या घोट्यालाच हात घालावा लागतो. मी तेवढंच करायचे, पण ते असं करायचे की रोह्याच्या स्पर्धेत मागून पोरी ओरडायच्या, मृणाली उभी हाय तिकडं जाऊ नको.

हैबतरावांनी सुजयकडे पाहिलं. दिलेला शब्द गळ्याशी आला होता.

"कर," ते म्हणाले. "काम पास झालं तर येत्या मोसमाला मातीला बस. नाय झालं तर माती हा शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाय. कबूल?"

"कबूल."

सगळ्या कारखान्याने ऐकलं. मला हवं होतं ते एवढंच, दारापाशी उजेडात बसायचं आणि माझ्या हाताखाली माती असायची. दुसरं काही नाही.

सुजयने कॅसेट आणली होती. हैबतरावांच्या घरी व्हीसीआरवर ती लावली. डोक्यावर टोप, खांद्यांवर गाद्या बांधलेले ते रेडे एकमेकांवर आदळत होते आणि मला काही कळेना. मग मी सुजयला म्हटलं, थांबव. पुढे ने. थांबव. असं शंभर वेळा केलं तेव्हा मला जे दिसलं ते माझ्या ओळखीचं निघालं. माणूस धक्क्याने पडतच नाही. त्याचा एक पाय जागच्या जागी अडकतो आणि उरलेला माणूस पुढे जात राहतो, म्हणून तो पडतो. अमेरिकेचा असो नाहीतर कासूचा, यात काही फरक नाही.

तरी खात्री पाहिजे म्हणून मी संघातल्या पोरींना सांगितलं, आज मी पळते, तुम्ही माझा घोटा धरा. चाळीस वेळा पडले. दर वेळी पडताना नीट लक्ष ठेवलं, आधी काय टेकतं, मान कुठं वळते, काखेतली वस्तू कधी सुटते. घरी गेले तेव्हा दोन्ही कोपरं सोललेली. आई, गोदूबाई तिचं नाव, मिठागरावरून येऊन नुकती बसली होती.

"पगार रंगवायचा न् पडतेस फुकट," ती म्हणाली. "काय मिळनार गो त्यातून?"

"माती," मी म्हटलं. तिने कपाळाला हात लावला आणि हळद आणायला उठली.

पुतळ्यांना मला सोळा दिवस लागले. आत तारेचा सांगाडा, मागून एक तार पाटात खुपसलेली, म्हणजे गडी हवेत तिरका राहील. पळणारा मी आडदांड केला. धरणारा बारका, मागून झेपावलेला, दोन्ही हात त्याच्या एका घोट्यावर. नवव्या पुतळ्यात पळणाऱ्याला अजून कळलेलंच नाही की आपण धरले गेलोय, तोंडावर अजून पुढं जायची घाई आहे. तेराव्यात कळतं. अठराव्यात त्याचं कोपर जमीन शोधतंय आणि तोंड वाचवायला मान वळलीय. बाविसाव्यात बोटं उघडतात आणि चेंडू सुटतो. केरूदादा रोज संध्याकाळी येऊन बघून जायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी तेराव्याला हळूच बोट लावलं आणि पटकन काढून घेतलं, पडेल या भीतीने.

सुजयने फोटो काढले आणि मुंबईला नेले. आठ दिवसांनी परत आला तो खाली मान घालूनच.

"साहेबांना आवडलं," तो म्हणाला. "फक्त चार पुतळे बदलायचेत. पळणारा मागे उडाला पाहिजे. दोन्ही पाय वर, आभाळाकडे. न् तो धरणारा बारका नको, थोराड पाहिजे. साहेब म्हणतात, एवढासा माणूस एवढ्या मोठ्याला पाडतो हे कोणाला पटणार?"

माझं डोकंच सटकलं.

"तुमचं वजन किती, साहेब?" मी सुजयलाच विचारलं.

"ब्याऐंशी. का?"

मागच्या अंगणात मूर्ती बांधायचा पेंढा पडलेला होता तो मी पसरला. सुजयच्या काखेत नारळ दिला आणि म्हटलं, पळा. तो नाही नाही म्हणत होता, पण केरूदादांनी मागून हळूच ढकललं, तेव्हा पळाला. आणि चांगला पळाला. रोह्याचाच गडी शेवटी, लहानपणी मैदानात गेलेला असणारच. मी दोन पावलं जाऊ दिली आणि झेप घेतली. घोटा हातात आला. मग ब्याऐंशी किलोंचं जे व्हायचं तेच झालं. कोपर, खांदा, वळलेली मान, आणि शेवटी नारळ सुटून हैबतरावांच्या पायापर्यंत गेला. पाय काही आभाळाकडे गेले नाहीत.

बायका सगळ्या रंग टाकून बाहेर आल्या होत्या. सुजय पेंढ्यात पडल्या पडल्या हसायला लागला.

"पटलं?" मी विचारलं.

"मला पटलं गो. पण पटायचं मला नाय ना." तो उठून बसला, केसांतला पेंढा काढायला लागला. "साहेब म्हणतात खरं दिसायला पाहिजे. म्हणजे लोकांना खरं वाटतं तसं. खरं असतं तसं नाय."

हैबतरावांनी नारळ उचलून बाजूला ठेवला. "मृणाली, चार पुतळ्यांचे पाय वर कर न् विषय संपव. अर्ध्या दिवसाचं काम. मग माती तुझी. मी शब्द फिरवनार नाय."

खोटं कशाला सांगू, मी आत जाऊन चौदावा पुतळा हातात घेतला. ओल्या फडक्यात ठेवल्यामुळे माती अजून ओलसर होती. तार वाकवली असती की पाय वर गेले असते. संध्याकाळपर्यंत झालं असतं आणि मोसम सुरू झाला की मी उजेडात बसले असते. केवढं सोपं होतं. मी त्या बारक्याकडे पाहिलं, घोट्याला लटकलेला, दात आवळलेला. पाय वर केले तर त्याने धरलेलंच वाया. मग हा मोठा आपोआप उडाला, याने काहीच केलं नाही. हे मी माझ्या हातांनी कसं करू? मी दर रविवारी तेच करते आणि दर रविवारी कोणीतरी म्हणतं की तिचा पाय घसरला असेल.

मी पुतळा जागेवर ठेवून बाहेर आले.

"मी नाय करनार."

"मृणाली," हैबतराव म्हणाले, "नीट इचार कर."

"केला. असा मानूस पडत नाय."

सुजयने घसा साफ केला. "तू नाही केलंस तरी मी कॉम्प्युटरात पाय वर करू शकतो. करावंच लागेल मला."

"करा. तुमच्या हातानं करा. माझ्या मातीत ते मिळनार नाय."

पुतळे पेंढ्यात गुंडाळून त्याने टेम्पोत ठेवले, स्वतःच्या हाताने, एकेक करून, आणि जाताना माझ्याकडे न बघताच गेला. पुढे त्या गेममध्ये काय दाखवलं ते मी कधी पाहिलं नाही. पाहायचंही नाही मला.

टेम्पो गेल्यावर हैबतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काम पास झालेलं नाय. ठरलं होतं तसं. उद्या रंगाला बस."

रात्रभर मी जळत होते. ठरलं होतं हे खरंच होतं, आणि मी सगळ्यांसमोर कबूल म्हटलं होतं, तेही खरं. पण काय पास झालं नव्हतं? सोळा दिवसांत कारखान्यात जे कोणाला जमलं नाही ते मी केलं होतं. अंधेरीतल्या एका साहेबाला पाय वर हवे होते, म्हणून माझ्या हातातली माती जाते, हे मला मान्यच नव्हतं. तेव्हा शब्द मोडायचा तर मोडायचा, असं मी ठरवून टाकलं.

सकाळच्या पॅसेंजरने पेणला उतरले आणि सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोचले. दारापाशी केरूदादांच्या शेजारचा पाट रिकामा होता. मी तिथं बसले. मांडी घातली, पदर खोचला आणि शाडूचा गोळा पुढ्यात ओढला.

एकेक बाई येऊन बघून आत गेली. मग हैबतराव आले.

"ऊठ तिथून."

"नाय."

"काय ठरलं होतं?"

"ठरलं ते मोडलं मी. मी मोडलं, सगळ्यांसमोर सांगते. पण मी उठनार नाय. उठवायचं असंल तर उचला मला."

हैबतरावांनी दोन गड्यांकडे पाहिलं. ते काल अंगणात होते. एकाला अचानक पाणी आणायची आठवण झाली, दुसरा साचा पुसायला लागला. हैबतरावांनी मग केरूदादांकडे पाहिलं. केरूदादा मान खाली घालून मळत होते.

"मी म्हातारा झालो," केरूदादा म्हणाले. "माझ्यानं नाय उचलवनार."

हैबतराव माझ्यासमोरच उभे राहिले. मी वर पाहिलं नाही. मी गोळ्यात बोटं रुतवली आणि सोंड ओढायला घेतली.

"सोंडेला कुठं लागलीस?" ते खेकसले. "चोवीस माणसं पाडलीस, आता एक बसवून दाखव. आधी बैठक कर."

मी सोंड मोडली आणि बैठकीला माती घेतली.