हवेचा पाइप

ललितानं धुण्याची बादली उचलून मोरीत कलती केली, तेवढ्यात गोकुळनं मागून येऊन तिचं मनगट धरलं.

"थोडं थोडं सोड."

"का?"

भिंतीला कान लावून तो उभा राहिला. तिनं उरलेलं पाणी बेतानं सोडलं. ते भिंतीतल्या पाइपातून खाली गेलं, आणि खालच्या बाथरूममध्ये कुणी मोठा घोट गिळावा तसा आवाज झाला. पाठोपाठ खालून सरूबाईंचं बोलणं ऐकू आलं, मग मोनालीच्या ओकारीचा आवाज. गोकुळ भिंतीपासून बाजूला झाला. त्यानं हात धुतले, पुसले आणि पुन्हा धुतले.

रांजणगावात, हायवेपासून आत असलेलं हे दुमजली घर आनंदराव आणि सरूबाईंचं. वरच्या दोन खोल्यांत गोकुळ आणि ललिता दीड वर्षापासून भाड्यानं राहत होते. गोकुळ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला होता. मशीनमधून आलेला पार्ट मोजून बघायचा, बरोबर असेल तर पुढं सोडायचा. डिप्लोमा झालेला, अंगावर इस्त्रीचा गणवेश, गळ्यात ओळखपत्र. सरूबाई त्याला गोकुळराव म्हणत. घरी काही गोड केलं की वाटी वर यायचीच.

त्यांची लेक मोनाली पहिल्या बाळंतपणाला आली होती. तिच्यासाठी खालची मागची खोली रंगवून घेतली होती, आतल्या बाथरूमला नवी फरशी, नवा कमोड. ती आली त्याच आठवड्यात वास सुरू झाला.

आधी सरूबाईंना वाटलं, नव्या फरशीचा असेल. त्यांनी फिनेल टाकलं. मग ॲसिड आणून फरशी घासली, कोपऱ्यात डांबरगोळ्या ठेवल्या, सकाळ-संध्याकाळ धूप घातला. तासभर धुपाचा वास यायचा आणि मग धूप आणि तो, दोन्ही मिळून यायचे. प्लंबरनं कमोडच्या बुडाशी पांढरं सिमेंट भरलं. त्यानंही काही झालं नाही, तेव्हा आनंदरावांनी टँकर बोलावून सेप्टिक टँक उपसून घेतला. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी मोनाली नाकाला पदर लावून बाहेर ओसरीवर येऊन बसली.

तिला नववा लागला होता. अन्न ठरत नव्हतं, दुपारी डोळा लागत नव्हता. बाथरूमला जायचं म्हणून ती पाणी प्यायचं टाळत होती, आणि पायांवर सूज दिसायला लागली होती. मी शिरूरला सासरी जाते, असं तिनं दोनदा बोलून दाखवलं होतं.

गोकुळला पहिल्याच दिवशी कळलं होतं. जिन्यात वास आला तेव्हाच. फरशीच्या सांध्यात मुरलेल्या लघवीचा वास वेगळा असतो, नाकाला झोंबतो. हा सडक्या अंड्यासारखा होता, चेंबरमधून उलटा वर आलेला. आणि तो वरून पाणी सोडल्यावर वाढत होता. म्हणजे कुठं काय बिघडलं असणार, हेही त्याला जवळजवळ माहीत होतं. तरी तो तीन आठवडे जिन्यातून जाताना श्वास धरून खाली उतरत होता.

या खोल्या मिळायच्या आधी दोन ठिकाणी त्यांना नकार मिळाला होता. पहिल्या भेटीत रिकामी असलेली खोली दुसऱ्या भेटीत कालच गेलेली असायची. त्यांचं आडनाव चार जातींत सापडणारं होतं, त्यामुळं लोक वडिलांचं विचारत. इथं आनंदरावांनी विचारलं तेव्हा गोकुळ म्हणाला होता, वडील दौंडला रेल्वेत होते. आनंदरावांनी समाधानानं मान हलवली होती. रेल्वेत म्हणजे कशात, हे त्यांनी विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही. वडिलांनी तीस वर्षं रेल्वे कॉलनीतली गटारं आणि संडासाच्या लाइनी साफ केल्या होत्या. डिप्लोमाच्या सुट्ट्यांत गोकुळही त्यांच्या हाताखाली राबला होता.

त्या सोमवारी पहिली पाळी करून तो घरी आला तर ललिता पलंगाच्या कडेवर बसून होती. गॅसवर काही नव्हतं. त्यानं दोनदा विचारल्यावर तिनं सांगितलं. प्लंबर पुन्हा आला होता आणि जाताना म्हणाला, वरच्यांनी काहीतरी लाइनीत टाकलं असणार. मग सरूबाई वर आल्या. रागावल्या नाहीत, उलट लाजत लाजत विचारलं, उरलेला भात वगैरे मोरीत जातो का, आणि ते महिन्याचं, ते कुठं टाकता.

"मी कागदात बांधून घंटागाडीत टाकते, असं सांगितलं त्यांना," ललिता म्हणाली. "बाईमाणसाला हे सांगायची वेळ यावी का?"

गोकुळ बुटाची नाडी सोडत होता. त्याचा हात थांबला.

"तुम्हाला म्हाईत हाय ना, कशानं येतो ते?"

मग त्यानं सोडलेली नाडी पुन्हा बांधली.

खाली मोनालीची बॅग ओसरीवर भरून ठेवलेली होती. सरूबाई पायरीवर बसून डोळ्यांना पदर लावत होत्या. पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही तर लोक काय म्हणतील, असं त्या नवऱ्याला सांगत होत्या आणि आनंदराव नुसते फोन हातात घेऊन उभे होते. गोकुळनं उदबत्तीचा पुडा मागितला. सरूबाईंना वाटलं, तोही धूपच घालायला सांगतोय. त्यांनी पुडा आणून दिला.

त्यानं बाथरूमची खिडकी लावून घेतली आणि पेटलेली उदबत्ती कमोडच्या बुडाभोवती फिरवली. धूर सरळ वर गेला. बेसिनच्या खाली धरली, तिथंही सरळ. मग तो मोरीपाशी उकिडवा बसला आणि जाळीवर उदबत्ती धरली, तसा धूर आडवा होऊन त्याच्या तोंडावर आला. आनंदराव दारातून वाकून बघत होते.

त्यानं जाळी काढली. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये कायम पाणी भरलेलं असायला हवं, ते पाणीच वास अडवून धरतं, असं त्यानं सांगितलं. तिथं तळाला ओल तेवढी होती. त्यानं दोन तांबे पाणी ओतून ट्रॅप भरला आणि वर हाक मारून ललिताला पूर्ण बादली एकदम सोडायला लावली. भिंतीतून पाणी धडधडत गेलं. मोरीतलं पाणी हललं, खाली ओढलं गेलं, घोट गिळल्याचा आवाज झाला आणि ट्रॅप रिकामा झाला.

"आयला," आनंदराव हळूच म्हणाले.

लाइन पुढं वाहती आहे का, ते बघायला हवं होतं. आनंदराव म्हणाले, थांबा, कुणाला तरी बोलावतो. तोवर गोकुळनं गोठ्यामागची पहार आणली होती. त्यानं रुमाल तोंडाला बांधला, अंगणातल्या चेंबरच्या झाकणाच्या फटीत पहार घातली, झाकण एका बाजूनं उचलून सरकवलं आणि लगेच वारा येत होता त्या अंगाला चार पावलं मागं जाऊन पाठ फिरवून उभा राहिला. आनंदराव पुढं यायला लागले तसं त्यानं न बघताच हात आडवा केला. आतला वायू निघून जाऊ दे, दहा मिनिटं कुणी जवळ जायचं नाही, म्हणाला. मग तो गेला, गुडघ्यांवर बसून आत बघितलं, बाही वर सारली आणि काठीनं तळ चाचपून बघितला. लाइन मोकळी होती.

तो उठला तेव्हा आनंदराव त्याच्याकडे बघत होते.

"गोकुळराव, हे कुठं शिकलात?"

"वडील रेल्वेत होते."

"रेल्वेत कशात?"

गोकुळनं रुमाल तोंडावरून खाली ओढला. "ड्रेनेजला. कॉलनीत सफाईला होते."

आनंदरावांनी मान हलवली. "हां," म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "हां, हां."

पुढचं सोपं होतं. वरून पाणी जोरात आलं की ते मागं हवा ओढतं. ती हवा गच्चीवरच्या पाइपातून यायला हवी. ती वाट बंद झाली की पाणी खालच्या मोरीतून हवा ओढतं आणि ट्रॅप रिकामा करून जातं. दोघं गच्चीवर गेले. मोनाली यायच्या आधी तिथं पत्र्याचं शेड टाकून घेतलं होतं. शेडवाल्यांना हवेचा पाइप मधे आला, म्हणून त्यांनी तो गुडघ्याएवढा ठेवून कापला होता आणि वास येऊ नये म्हणून त्याच्या तोंडात सिमेंटची रिकामी गोणी ठासून बसवली होती. गोकुळनं ती दोन्ही हातांनी ओढून काढली. मग हार्डवेअरच्या दुकानातून पाइप आणि दोन बेंड आणले आणि पाइप शेडच्या कडेनं बाहेर काढून पत्र्याच्या वर नेला. टोकाला जाळी बांधली. खाली येऊन सगळे ट्रॅप पाण्यानं भरले आणि ललिताला पुन्हा बादली सोडायला सांगितली. मोरीतलं पाणी जरासं थरथरलं आणि जागच्या जागी राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोनाली आपल्या खोलीत तीन तास झोपली. बॅगेतले कपडे पुन्हा कपाटात गेले. सरूबाई प्लंबरला फोनवर चार शब्द सुनावून वर आल्या आणि ललिताचा हात धरून म्हणाल्या की माझं चुकलं, मनात ठेवू नको. येताना त्यांनी चहा आणला होता. गोकुळनं कप हातात घेतला, फिरवून बघितला. निळ्या फुलांचा, कानाच्या खाली टवका उडालेला. नेहमीचाच कप होता. ललिता त्याच्याकडे बघत होती. त्यानं चहा पिऊन टाकला. कितीतरी दिवसांनी त्याला भूक लागली आणि त्यानं दोन वेळा भात मागून घेतला.

रविवारी सकाळी तो दाढी करत असताना अंगणातून हाक आली.

"गोकुळ, हाईस का रे?"

साबण लावलेल्या तोंडानंच तो कठड्याशी आला. खाली सरूबाई उभ्या होत्या, प्रसन्न चेहऱ्यानं वर बघत.

"आरं, भांडगावला माझ्या भावाकडं बी तसाच वास येतोय बघ. महिना झाला. मी त्याला फोनवर म्हटलं, काळजी करू नको, आमच्याकडं माणूस हाय. जाऊन येतोस का आज? तुझ्याच बाजूला हाय की, दौंडकडं. त्यो गाडी पाठवतो."

गोकुळ कठड्यावर हात ठेवून उभा होता. हनुवटीवरून साबणाचा ओघळ गळ्यावर आला. सरूबाईंच्या चेहऱ्यात त्याला कुठं काही सापडेना. तिथं कौतुकच होतं.

"आज ड्यूटी हाय काकू."

"रविवारची?"

"ओव्हरटाइम."

"मग पुढच्या रविवारी जा. सांगते त्याला."

तो आत आला तेव्हा ललितानं तवा टाकला होता. तिनं चार चपात्या लाटल्या, बटाट्याची भाजी केली आणि डबा भरून जिन्याच्या तोंडाशी, खालून दिसेल असा, कठड्यावर ठेवला. गणवेश दोरीवर होता, कॉलर अजून ओली होती. गोकुळनं तो तसाच अंगात घातला. ओळखपत्र गळ्यात अडकवलं, डबा उचलला. अंगणातून जाताना सरूबाईंनी सांभाळून जा म्हणून सांगितलं आणि त्यानं मान डोलावली.

हायवेच्या कडेला कंपनीच्या बसचा थांबा रिकामा होता. पलीकडं गणपतीला आलेल्या गाड्यांची रांग लागली होती. गोकुळ थांब्यावर उभा राहिला, मग थोडा पुढं चालून गेला, परत आला. ओळखीचा एक हेल्पर दुचाकीवरून जाताना वेग कमी करून म्हणाला, साहेब, आज कुठं? गोकुळनं नुसता हात वर केला. उसाचा रस काढणाऱ्यानं दोनदा त्याच्याकडं बघितलं, तसा तो तिथूनही हलला आणि बंद असलेल्या एका गॅरेजच्या सावलीत टायरवर जाऊन बसला.

तासाभरानं ललिता त्याला शोधत आली. तिनं चांगली साडी नेसली होती, हातात भाजीची रिकामी पिशवी. ती शेजारच्या टायरवर बसली आणि तिनं त्याचा डबा उघडला.

"काकू विचारत होत्या, कवा सुटतो म्हणून."

"मग?"

"म्हटलं, त्यांचं काय सांगता येत न्हाई. वरच्यांनी थांबवलं की थांबावं लागतं."

गोकुळ हसला. दोघं जेवले. समोरून गाड्या जात होत्या, प्रत्येक मोठ्या गाडीबरोबर धूळ उडून यायची आणि ललिता पदरानं डबा झाकायची. चपात्या संपल्यावर तिनं हात झटकले आणि रस्त्याकडं बघत विचारलं,

"आन् पुढच्या रविवारी काय सांगायचं?"

गोकुळनं डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलं नव्हतं, म्हणून काढून पुन्हा लावलं. मग त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं, ओळखपत्र छातीवर सरळ केलं, आणि लांबून येणाऱ्या एका बसकडं बघत, ड्यूटीला निघाल्यासारखा उठून उभा राहिला.