चार बोटं जागा

पोलीस ॲक्शननंतर गाड्या सुरू झाल्या, त्याच आठवड्यात माझा मेहुणा अंबाजी सेलूकडून हैदराबादेत बरकतपुऱ्याला माझ्याकडे आला. दारातच म्हणाला, "दाजी, अक्का गेली. श्रावणातच."

चतुराबाई, माझी बायको, चैत्रात आजारी आईकडे गेली होती. मग गाड्या बंद, टपाल बंद. ती तापानं गेली आणि मी इथं तिची वाट बघत राहिलो.

"शेवटी काशीचं पाणी मागत होती," अंबाजी म्हणाला. "अस्थी पिंपळाला बांधून ठेवल्यात. तुमच्याशिवाय नांदेडला गोदावरीवर कशा न्यायच्या?"

काशीचा गडू माझ्या देव्हाऱ्यात होता. आईनं आणलेला, तांब्याचा, तोंडाला डाग देऊन बंद केलेला.

मी बर्फाच्या कारखान्यात कामाला आहे. चतुराबाईला त्या कामाचं फार नवल. माहेरी जायच्या आधी एकदा मी सांगितलं, पाणी गोठायला लागलं की थर्मामीटरचा पारा बत्तीस फॅरनहाइटवर थांबतो, सगळं गोठेपर्यंत हलत नाही.

"थांबून काय करतं हो पाणी?"

"मला काय ठाऊक? मी डबे भरतो."

"आणि काशीचं पाणी गोठेल?"

"पाणी ते पाणी."

"बघितलंय का कधी? उगी सांगायचं आपलं! गंगा बर्फातूनच येते म्हणतात. माहेरी गेल्यासारखं वाटेल तिला."

"तू माहेराहून ये, मग नेऊ गडू कारखान्यात."

अंबाजी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गडू कारखान्यात नेला. रिकाम्या डब्यात ठेवून डबा मिठाच्या थंड पाण्याच्या हौदात सोडला. मधूनमधून गडू बोटानं वाजवून बघत होतो. आवाज जड होत गेला. दुपारी डब्यात काहीतरी तडकलं. गडूचा बुडाजवळचा सांधा उकलला होता आणि पांढरा बर्फ बाहेर आला होता.

जहाँगीरमिस्त्री वाकून बघत म्हणाले, "क्या मुकुंदराव, अठरा बरस से डिब्बे चार उंगल खाली रखते, लोटा भूल गए?"

गोठताना पाणी फुगतं, म्हणून डब्यात चार बोटं जागा सोडायची. नव्या माणसांना हे मीच शिकवतो. देव्हाऱ्यातल्या गडूलाही ते लागू असेल, हे माझ्या मनातच आलं नाही. आणि पाणी ते पाणी, असं मीच म्हटलं होतं.

फुटका गडू पातेल्यात ठेवला, वितळत्या बर्फात थर्मामीटर लावला आणि बसलो. निम्मा बर्फ वितळला तरी पारा बत्तिसावरच. शेवटचा खडा वितळला, तेव्हा कुठे वर सरकला.

"इतका वेळ थांबून काय करतं हे?" मी मिस्त्रींना विचारलं.

"सारी गरमी बर्फ पिघलाने में जाती. पारे के वास्ते बचती नई. जमते वक्त वही गरमी बाहर निकलती."

अठरा वर्षं त्यांच्याशेजारी काम केलं. कधी विचारलं नव्हतं.

पाणी बाटलीत भरून ठेवलं आहे. अंबाजी माझ्यासाठी चार दिवस थांबून एकटाच परत गेला. अस्थी अजून पिंपळालाच आहेत. नांदेडला जायचं राहिलं आहे.