माणसं शेवटी

माझा धाकटा भाऊ भिमाजी नगरला चित्रकला शिकायला गेला आणि राधाकृष्ण सरांचा होऊन बसला. हे सर नगर शहराची चित्रं काढायचे. कापड बाजार, दिल्ली दरवाजा, दुपारची बंद दुकानं. त्यांची रीत ठरलेली होती. आधी भिंती, मग सावल्या, माणसं शेवटी. माणूस हलतो, म्हणून त्याची जागा कोरी सोडायची. भिमाजीला ते वेदवाक्य वाटलं.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात पाथर्डीकडं आमचं सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. भिमाजी सुट्टीला आला तो रंगांची पेटी घेऊन थेट तिथंच. आमची आई कडूबाई त्याला म्हणाली, "माझं येक चित्र काढ की रं. जलमात कुनी फोटू काढला न्हाई माझा."

तो समोर बसला. आधी माळ रंगवला, मग खडीचे ढीग. आई माझ्या शेजारी हातोडा मारत होती, तिची जागा त्यानं कोरी ठेवली. दुसऱ्या दिवशी ढीग मोजून ट्रकनं नेले. भिमाजीनं नवे ढीग नव्यानं काढले. तेही गेले. नगरच्या भिंती जागा सोडत नाहीत. आमच्याकडं दगडच निघून जात होते, आणि बाया मात्र सकाळी बसल्या की सांजेपर्यंत तिथंच. एवढं साधं त्या शहाण्याला दिसेना. मला चीड आली.

"अरं, आईला काढ की आधी," मी म्हणाले.

"मानसं शेवटी, आक्का. सरांनी सांगितलंय."

"काढू दे त्याला. शिकलेला हाय त्यो," आई म्हणाली आणि पदर सारखा करून बसली. त्या दिवसांत ती रोज केस विंचरून कामावर यायची.

मग कामावरच्या विहिरीचं पाणी बाधलं. जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि पाथर्डीच्या वाटेवर बैलगाडीतच आई गेली.

दहाव्याला कोरड्या नदीत पिंड ठेवले. कावळे बाभळीवर बसून राहिले. आमचे वडील, आबा म्हणाले, "पोरांना अंतर देनार न्हाई." मामा म्हणाले, "आमी हाय पाठीशी." कावळा हलेना. ऊन चढलं. शेवटी आबांनी भिमाजीकडं पाहिलं. आईचं काय राहिलंय, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

त्यानं हात जोडले. "आई, तुझं चित्र पुरं करतो."

कावळा उतरला आणि घास घेऊन गेला. लोक सुटल्यासारखे उठले. मलाही बरं वाटलं, आणि रडू फुटलं.

परतताना भिमाजी मागं रेंगाळला, म्हणून मी थांबले. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"आक्का," तो हळूच म्हणाला, "आईचं नाक कसं हुतं गं?"